तिन्ही येतात, सर

"फिट्स येतात तुला?" फॉर्मवरून नजर न उचलता डॉक्टरांनी विचारलं.

"हो सर," मी म्हणाले. "तिन्ही येतात."

आता त्यांनी वर पाहिलं. "तिन्ही?"

"तिन्ही प्रकारच्या, सर."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. आधी सोप्या होत्या, नंतर अवघड."

"बरं. आणि किती वेळा येते?"

"आठवड्यातून तीनदा. सोमवार, बुधवार, शुक्रवार."

"वार ठरलेले आहेत?"

"हो सर. शनिवारी नुसती थिअरी असते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, हळबे त्यांचं नाव. आठवड्यातून दोन दिवस ते कारखान्यात यायचे. खुर्ची थोडी पुढे ओढून अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बाळ, शेवटची कधी आली होती?"

"गेल्या महिन्यात, परीक्षेत. बाहेरचे परीक्षक समोर येऊन उभे राहिले, तसे माझे हात थरथरायला लागले. घाम फुटला."

"मग? शुद्ध गेली?"

"नाही सर. पंचाहत्तरपैकी अडुसष्ट मिळाले."

त्यांनी माझा फॉर्म परत जवळ ओढला. मग म्हणाले, "तू कुठल्या फिट सांगतेयस?"

मी घडाघडा सांगितलं. भोकात दांडा सैल बसला की क्लिअरन्स फिट. ठोकून बसवावा लागला की इंटरफिअरन्स. आणि अंगठ्याने दाबल्यावर जेमतेम आत जातो ती मधली, ट्रान्झिशन. दोन वर्षं आम्ही तेच तर शिकलो होतो.

डॉक्टर हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. काय झालं ते बघायला कंपाउंडर दारातून डोकावला, त्याला त्यांनी हातानेच जा म्हटलं.

"अगं, ही फिट म्हणजे माणूस धाडकन पडतो, हातपाय झाडतो, लोक कांदा हुंगवतात, ती."

ती फिट मला माहीत नव्हती असं नाही. आमच्या गावात दोघांना यायची. पण तो शब्द इंग्रजी आहे हे मला माहीत नव्हतं. फेफरं, घुरी, तशीच फिटही आपल्याकडचीच असं मी वीस वर्षं धरून चालले होते. फॉर्मवर 'ट्रेड : फिटर' असं लिहून दोन ओळी खाली येते तर 'फिट्स : यस ऑर नो'. मला वाटलं, कारखाना विचारतोय, काम येतं का? मी ठळक अक्षरात यस लिहून ठेवलं होतं.

"म्हणजे बघ," डॉक्टर म्हणाले, "मेडिकलमध्ये फिट ठरायचं असेल तर फिट्स यायला नकोत. आणि फिटर व्हायचं असेल तर त्या आल्याच पाहिजेत. इंग्रजांनी एवढासा शब्द केला आणि सगळीकडे तोच बसवला." त्यांनी माझं यस खोडलं, वर नो लिहिलं, सही केली. मग खालचा फॉर्म ओढला. हसू अजून ओठांवर होतंच. "शालन लोहार. तुझ्याच वर्गातली ना? हिने नो लिहिलंय. म्हणजे हिला फिटिंगमधलं काहीच येत नाही की काय?"

मी हसायला हवं होतं. मला हसता आलं नाही.

शालन आणि मी कोल्हापूरच्या आयटीआयमधल्या फिटर ट्रेडच्या त्या वर्षीच्या दोनच मुली. १९८६ साल होतं. बाकी सगळी मुलं. कळंब्याच्या रस्त्याला एका बाईंच्या घरात मागची खोली घेऊन आम्ही दोघी राहायचो. ती भुदरगडकडच्या एका खेड्यातली, लोहाराची मुलगी. वडिलांच्या भात्यापाशी वाढलेली. वही-पुस्तकात मी तिच्या पुढे होते, पण हातात कानस आली की तिच्यापुढे वर्गात कोणी उभं राहत नव्हतं. लोखंडावर ती कानस अशी फिरवायची, जसं आपण पोळीला तूप लावतो. कानशीचा आवाजसुद्धा वेगळा यायचा.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर एका सकाळी मी नळावरून पाणी घेऊन आले, तर शालन खोलीत जमिनीवर पडलेली. डोळे पांढरे, दात घट्ट मिटलेले, टाचा फरशीवर आपटत होत्या. घागर टाकून मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. दोन-तीन मिनिटं झाली असतील, मला तासभर वाटली. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काय केलं असेल तर दाराची कडी लागली आहे का ते बघितलं.

"कुणाला सांगायचं न्हाई," ती म्हणाली. जीभ चावली गेल्यामुळे शब्द नीट येत नव्हते. "हेमे, आईची शपथ घे."

मी घेतली. रक्तवाढीच्या म्हणून सांगून ती रोज घ्यायची त्या गोळ्या खऱ्या कशाच्या, हे मला त्या दिवशी कळलं. अकरा वर्षांची असल्यापासून ती त्या घेत होती. गोळ्यांनी झापड येते म्हणून परीक्षेच्या आधी ती त्या टाळायची, आणि टाळल्या की हे असं. पुढच्या दीड वर्षात आणखी दोनदा झालं. दोन्ही वेळा खोलीतच. दोन्ही वेळा मी होते.

आमच्या आयटीआयचे नाईकवडी सर शिरोलीच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात चार वेळा जाऊन आले, तेव्हा कुठे तिथले साहेब मुली घ्यायला तयार झाले. "तुम्ही दोघी टिकलात तर पुढच्या पोरींना दार उघडेल," सर म्हणाले होते. शालनला दाराशी देणंघेणं नव्हतं. तिच्या वडिलांनी तिच्या आत्याच्या मुलाशी तिचं लग्न ठरवत आणलं होतं, आणि नोकरी लागली तरच ते थांबणार होतं. तो मुलगा दारू प्यायचा. ती म्हणायची, "माझ्याकडं ही एकच वाट हाय."

मेडिकलच्या आधी पर्सोनेलच्या साहेबांनी आम्हाला कारखाना फिरवून दाखवला. आम्हाला घेणार होते ते प्रेस लाइनवर. ओळीने बारा पॉवर प्रेस. कामगार पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर काढायचा, पायाने पट्टी दाबायचा, आणि वरून घण खाली यायचा. सरकव, काढ, दाब. त्या ओळीतल्या तिसऱ्या मशीनवरच्या माणसाच्या डाव्या हाताला दोनच बोटं होती. साहेबांनी ती दाखवली नाहीत. ती आम्हाला दिसली.

नंतर बाकावर शेजारी शेजारी बसून आम्ही फॉर्म भरले. "अगं, फिट्सपुढे यस लिही, मी लिहिलंय," असं मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आपला कागद दुसरीकडे वळवला. हा शब्द ती माझ्यापेक्षा फार आधीपासून ओळखत होती. दवाखान्याच्या तिच्या कागदावर तो दरवेळी पहिल्याच ओळीत असायचा.

आणि आता डॉक्टर मला मस्करीत विचारत होते, हिला काहीच येत नाही की काय?

त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. डॉक्टर माणूस, समोरच्याच्या चेहऱ्यावरून गोष्टी ओळखण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी चष्मा लावला.

"का गं?"

मला तो घण दिसत होता. सरकव, काढ, दाब. 'काही नाही सर' म्हणायला फार वेळ लागला नसता. आईची शपथही होती.

"तिलाच विचारा, सर," मी म्हणाले.

फॉर्म त्यांनी पालथा घातला आणि कंपाउंडरला हाक मारली, "त्या दुसऱ्या मुलीला पाठव."

दारात आम्ही एकमेकींच्या जवळून गेलो. तिने भुवया उंचावून विचारलं, कसं झालं? मी मान खाली घातली.

वीस-पंचवीस मिनिटांनी ती बाहेर आली. सायकल स्टँडच्या पत्र्याखाली मी उभी होते, तिथपर्यंत सरळ चालत आली आणि कठड्यावर बसली.

"नापास," ती म्हणाली.

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझी मैत्रीण म्हणते तुलाच विचारा." माझ्याकडे न बघता ती बोलत होती. "मग मी सांगितलं. प्रेसवर घ्यायला सही करणार न्हाईत."

"शालन, मी काही सांगितलं नाही. मी फक्त..."

"सांगायला आणखी काय लागतंय?"

दुपारची शिफ्ट सुरू झाली होती, आत प्रेसचे ठोके पडत होते. माझ्या फॉर्मवर सही झालेली होती. ती तिथे बसली होती आणि संध्याकाळच्या गाडीने तिला गावाला जाऊन वडिलांना सांगायचं होतं. मला एकाएकी सकाळी बघितलेली काचेची खोली आठवली. सगळ्या शेडमध्ये तेवढीच एक शांत होती. आत चार-पाच म्हातारी माणसं बाकांपाशी वाकून काहीतरी घासत होती.

मी परत डॉक्टरांच्या खोलीत गेले. विचारलंसुद्धा नाही, आत येऊ का म्हणून.

"सर, ती काचेची खोली आहे ना, तिथे काही फिरत नाही. माणसं हातानेच काम करतात."

"टूलरूम?"

"असेल, सर. तिथे तिला घ्या. तिच्यासारखी कानस आमच्या अख्ख्या वर्गात कोणी चालवत नाही. माझं खोटं वाटत असेल तर नाईकवडी सरांना फोन करा."

हळबे डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. त्यांची जायची वेळ झाली होती. मग स्टेथोस्कोप टेबलावर ठेवून ते उठले. "चल," म्हणाले.

पर्सोनेलच्या साहेबांनी आधी ऐकूनच घेतलं नाही. मुलींना प्रेसवर घ्यायचं ठरलंय, टूलरूमला शिकाऊ घ्यायचं ठरलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. "मग पुन्हा ठरवा," डॉक्टर म्हणाले आणि पुढे चालायला लागले. नाइलाजाने साहेब मागून आले. मी धावत जाऊन शालनला घेऊन आले. ती यायला तयार नव्हती, मी दंडाला धरून आणली.

टूलरूमचे मुख्य म्हेत्रे मिस्त्री. उंच, वाळलेले, कानावर पेन्सिल. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन दोन मिनिटं सगळं सांगितलं. ते शालनकडे न बघताच म्हणाले, "आजारपणाचं तुम्ही बघा डॉक्टर. मला हात पाहिजे. हात हाय का?"

त्यांनी तिला चौकोनी भोक पाडलेली एक पट्टी दिली आणि एक ओबडधोबड ठोकळा. "हा यात बसव. चारी बाजूंनी फिरवून बसला पाहिजे. ठोकायचं न्हाई."

मी काचेबाहेर उभी राहिले. शालनने ठोकळा बाकावरच्या शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पकडला, ओढणी कमरेला घट्ट खोचली आणि कामाला लागली. दीड तासात तिने एकदाही वर पाहिलं नाही. मधूनच ठोकळा काढून कोनाला गुण्या लावायची, निळा रंग लावून कुठे अडतंय ते बघायची, परत दोन हात मारायची. बाकीची म्हातारी माणसं हळूहळू आपली कामं सोडून तिच्या बाकाभोवती जमली. डॉक्टर एका स्टुलावर बसून होते. त्यांच्या घरी जेवायला थांबले असतील हे माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही.

शेवटी म्हेत्रे मिस्त्रींनी पट्टी घेतली, अंगठ्याने ठोकळा आत दाबला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. कडेने कुठे उजेड येतो का ते बघितलं. ठोकळा काढला, फिरवून दुसऱ्या बाजूने बसवला, परत बघितलं. असं चार वेळा.

"कुणाची गं तू?"

"लोहाराची."

"ते दिसतंय," मिस्त्री म्हणाले. मग साहेबांकडे वळून, "सोमवारपासनं येऊ दे."

डॉक्टरांनी तिथेच बाकावर फॉर्म ठेवून लिहिलं. फिट्सपुढचा नो खोडून यस केला, आणि खाली, हलत्या मशीनवर नाही, बाकावरच्या कामासाठी फिट. मिरजेच्या एका मोठ्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठीही दिली. झापड येणार नाही अशा गोळ्या आता निघाल्यात, म्हणाले.

परतताना बसमध्ये मला आनंद मावत नव्हता. "झालं की गं!" मी दहा वेळा म्हणाले असेन.

"झालं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्याच आठवड्यात तिने खोली सोडली. उचगावात एक लांबची मावशी होती, तिच्याकडे राहायला गेली. कारखाना जवळ पडतो म्हणाली. ते खरंही होतं.

त्यानंतर आम्ही दोघींनी त्या एका शेडखाली अडतीस वर्षं काढली. मी सात वर्षं प्रेसवर, मग इन्स्पेक्शनला. ती कायम टूलरूमला. म्हेत्रे मिस्त्री रिटायर झाल्यावर पुण्याहून डाय, म्हणजे प्रेसचे साचे, दुरुस्तीला यायच्या त्या तिच्याच बाकावर. दोनदा तिला कामावर असताना फिट आली. दोन्ही वेळा म्हाताऱ्यांनी तिच्या डोक्याखाली कोटाची घडी ठेवली, बाजूची हत्यारं सरकवली आणि थांबले. अर्ध्या तासाने ती परत बाकाशी उभी. प्रेसवर असती तर, हे मी मनात किती वेळा म्हटलं असेल.

पण दुसरंही झालं होतं. तो फॉर्म पर्सोनेलच्या कारकुनाने वाचला आणि आठ दिवसांत कँटीनला कळलं. पहिली काही वर्षं तिला मागून 'फिटवाली' म्हणायचे. एकोणनव्वद साली फाउंड्रीतल्या एका चांगल्या मुलाच्या घरून तिला विचारणा आली. बोलणी बरीच पुढे गेली आणि आजाराचं त्यांच्या कानावर गेलं तशी एका दुपारी थांबली. नंतर तिने लग्न केलं नाही. माझ्या लग्नाला आली, मुलीच्या बारशाला आली, प्रत्येक वेळी स्वतः केलेलं काहीतरी घेऊन आली. एक लहान अडकित्ता दिला होता, तो अजून नवा वाटतो. बोलायची ती कामापुरतं. काही विचारलं तर उत्तर द्यायची. पण मला 'हेमे' अशी हाक तिने परत मारली नाही. चारचौघांसारखं 'हेमलताताई' म्हणायची. मी समजून होते. शपथ मोडली होती, तिला ते नाव पडलं होतं, मोडलेलं लग्नही माझ्याच खात्यावर होतं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ती रिटायर झाली. माझे दोन महिने उरले होते. टूलरूममध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. तिने दोन वाक्यांत आभार मानले. शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गाडीसाठी आम्ही गेटपाशी उभ्या होतो. बाकीच्या बायका थोड्या पुढे होत्या.

"हेमे," ती म्हणाली.

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती.

"त्या दिवशी डॉक्टरांनी तुला काय विचारलं होतं?"

मी सगळं सांगितलं. तिन्ही येतात, सोमवार-बुधवार-शुक्रवार, शनिवारी थिअरी. अडतीस वर्षांत मी ते तिला सांगितलंच नव्हतं. ऐकता ऐकता तिला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसली. मग मी तिच्या फॉर्मचं सांगितलं, हिला काहीच येत नाही की काय असं ते म्हणाले ते.

तिचं हसू थांबलं. "मस्करी केली होती व्हय त्यांनी?"

"हो."

"मला वाटायचं, त्यांना कुठनं तरी कळलं असंल. तुला दम देऊन विचारलं असंल." तिने पदर तोंडावरून खाली घेतला. "मस्करीच केली होती."

"शालन, तो प्रेस बघितल्यावर मला..."

"मी पण बघितला होता की. त्या माणसाचा हात बघितला तवाच ठरवलं होतं. आत जायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. मला हे हाय, काय करायचं ते सांगा. वाक्य जुळवत बसले होते बाहेर."

मला काही कळेना. "पण फॉर्मवर तर तू नो लिहिलं होतंस."

"लिहिलं होतं. कागदावर लिहायला जमलं न्हाई, म्हणून तर तोंडानं सांगायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा." तिने खांद्यावरची शाल सारखी केली. "आत गेले, तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, तुझी मैत्रीण म्हणती तुलाच विचारा. मग काय, मी पकडलेल्या चोरासारखी कबुली दिली."

पुढे उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणीतरी गाडी आली म्हणून ओरडलं.

"चुकलं गं माझं," मी म्हणाले.

"चुकलं कुठं? बरोबरच होतं ते." तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. "पण सांगायचं माझं होतं, हेमे."

गाडी येऊन थांबली. बायका चढल्या. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, तरी आधी कोणी पाऊल टाकायचं ते ठरेना.